एमआरपीवर पुन्हा जीएसटी, पाकीट गायब: चेन किट घेताना झालेली लूट

बाइकचा अधिकृत डीलर म्हणजे अस्सल माल, या भरवशावरच ही फसवणूक चालते. सुरुवात नेहमीचीच: "पार्ट स्टॉकला नाही, कंपनीकडून मागवावा लागेल, १,५०० ॲडव्हान्स भरा." पावतीवर फक्त "चेन किट" (चेन आणि ती फिरवणारी दातेरी चाकं, म्हणजे स्प्रॉकेट) लिहिलेलं. पार्ट नंबर लिहून दिल्याशिवाय एक रुपया देऊ नका. चासी नंबर टाकला की तो त्यांच्या कॉम्प्युटरवर दिसतो. जुना नंबर बंद होऊन नवा आला असेल, तर तोही दिसतो.

बिल आलं ४,०१२ रुपयांचं. किट २,९५०, त्यावर १८ टक्के जीएसटी ५३१, लेबर ४५०, त्यावर जीएसटी ८१.

खरी चोरी या दुसऱ्या आकड्यात आहे, आणि ती तिथेच पकडायला हवी होती. २,९५० ही किटची एमआरपी. एमआरपीत सगळे कर आलेले असतात. म्हणजे बिलात २,५०० मूळ किंमत आणि ४५० कर, एकूण २,९५० एवढंच हवं होतं. ५३१ रुपये सरळ उकळले. लेबरवर जीएसटी लागतोच, त्यामुळे त्याच्या शेजारी पार्टवरचा जीएसटी खटकत नाही. काउंटरवर उभं राहून १.१८ने भागाकार कोण करत बसतं?

पाकीट मागितलं तर "फिटिंग करताना फेकलं". एमआरपी, पार्ट नंबर, बनवल्याचा महिना आणि वर्ष, सगळं पाकिटावरच असतं. पाकीट तुमच्यासमोर फोडायला लावा आणि घरी घेऊन या. काढलेला जुना पार्टही मागून घ्या.

२,३०० किलोमीटरमध्ये चेन एका जागी ताठ, तर दुसऱ्या जागी लोंबायला लागली. मागच्या स्प्रॉकेटचे दात एका बाजूला वाकले. वेळच्या वेळी साफ करून ल्यूब दिलं, तर चांगली चेन याच्या कितीतरी पट टिकते. ग्रीस पुसल्यावर दिसलं की बाजूच्या पट्ट्यांवर ना बनवणाऱ्याचं नाव, ना साइज. अस्सल चेनवर हे ठोकलेलं असतं. डीलर म्हणतो, चेन झिजणारा पार्ट आहे, वॉरंटी नाही. अहो, झिजणारा असला म्हणून नकली द्यायचा?

कंपनीच्या कस्टमर केअरने तक्रार त्याच डीलरकडे ढकलली आणि त्याने "निराकरण झाले" लिहून ती बंद केली. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, तर तीच तक्रार पुन्हा कंपनीकडे! चोराविरुद्धचा अर्ज चोराच्याच हातात द्यायचा, मग ही हेल्पलाइन कशाला ठेवली आहे? एमआरपीपेक्षा जास्त पैसे घेतल्याची तक्रार वैधमापन (वजन-मापं तपासणाऱ्या) खात्याकडे करायची असते, तिथे आधी पाकीट मागतात. पोलीस म्हणतात, दिवाणी मामला आहे, कोर्टात जा. ५३१ रुपयांसाठी कोणी इतकं फिरणार नाही, हे या लोकांना पक्कं माहीत आहे.

उरतो जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही, मात्र तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. ई-जागृती या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन दाखल करता येते. बिल, ॲडव्हान्सची पावती आणि पार्ट नंबरनुसार कंपनीने दिलेल्या एमआरपीचा स्क्रीनशॉट जोडा. खराब झालेली चेन नव्या फिटिंगच्या वेळी मेकॅनिककडे सोडून येऊ नका, आयोगासमोर तीच ठेवायची आहे.