एसके स्टँडर्ड प्लस: माझ्या जुन्या नळीला पटलेली आणि खिशाला जमलेली पॉइंट टू टू रायफलची गोळी

दीड वर्ष ह्याच गोळीवर आहे, दोन हजारांच्या वर राउंड मारून झालेत, तेव्हा आता लिहायला हरकत नाही असं वाटलं. आधीच सांगतो, हे त्यांच्यासाठी आहे ज्यांच्याकडे पॉइंट टू टू (०.२२ इंच नळीची) रायफल लायसन्सवर आहे किंवा जे क्लबची रायफल घेऊन ५० मीटर प्रोन, म्हणजे पालथं पडून, मारतात. ठाण्यात आणि पनवेल-खारघर साइडला हल्ली दहा मीटर एअर रायफलवाली मुलं खूप झालीत, स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये ब्राँझ घेतल्यापासून तर आमच्या सोसायटीतच तीन झाली (त्याचं मेडल ५० मीटर थ्री पोझिशनचं, म्हणजे पॉइंट टू टूचं, पण मुलं सुरुवात एअर रायफलनेच करतात आणि तेच बरोबर). त्या पालकांनी हे वाचून घाबरू नका, तुमचे ४.५ मिमीचे पेलेट (छर्रे) वेगळे, २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला लायसन्स पण लागत नाही, आणि पाचशे पेलेटचा डबा घेतला की पोरगं बराच वेळ शांत असतं.

आमचं तसं नाही. मी राहतो वर्तकनगरला आणि मारायला जातो वरळीच्या रेंजवर. रविवारी पावणेसहाला गाडी काढायची, हायवे रिकामा असतो, आनंदनगरचा टोल ऑक्टोबर २०२४ पासून छोट्या गाड्यांना माफ झालाय तर त्यात एखाददुसरी गोळी सुटते. हो, मी आता सगळे हिशोब गोळ्यांतच करतो, बायको म्हणते निदान भाजी घेताना तरी करू नकोस.

रायफल माझी नवीन नाही. क्लबातल्या एका सीनियरने शूटिंग सोडलं तेव्हा त्यांची जुनी आन्शुट्झ कंपनीची रायफल रीतसर माझ्या लायसन्सवर चढवून घेतली. वजनाला दगड, लाकडाला दोन-तीन ठिकाणी खरचटलंय, पण बॅरल (नळी) अजून टकाटक. आणि पहिलं वर्ष मी त्या बॅरलची वाट लावली, म्हणजे बॅरलची नाही, माझ्या स्कोअरची, कारण गोळी जी मिळेल ती घ्यायचो. आपल्याकडे प्रॉब्लेम हाच आहे ना की दुकानात जाऊन आज हे उद्या ते असं करता येत नाही, लायसन्सवर किती गोळ्या लिहिल्यात ते बघून दुकानदार देणार, एंट्री करणार, आणि त्याच्याकडे त्या महिन्यात जो माल असेल तोच माल. नाहीतर क्लबतर्फे इंडेंट (मागणी) टाका आणि वाट बघा. मग माणूस काय करतो, जे स्वस्त दिसलं ते उचलतो.

त्या वर्षातला एक ब्रँड, नाव घेत नाही, पण ५० च्या बॉक्समध्ये माझे तीन मिसफायर गेले. टक् आवाज आणि पुढे काही नाही. तेव्हा नळी टार्गेटकडेच ठेवून तीस सेकंद मोजत पडून राहायचं, कधीकधी उशिराने उडतं म्हणून, आणि मग बोल्ट उघडायचा. गोळी बाहेर काढली की तिच्या कडेवर फायरिंग पिनची चौकोनी खूण नीट उमटलेली दिसते, म्हणजे रायफलने तिचं काम केलं, पण त्या जागी आत मसालाच नसणार. रिमफायरचं दुखणं हेच. सेंटरफायर काडतुसाला मधोमध वेगळं प्रायमर (पेटवणारी टोपी) असतं, इथे रिमफायरला, म्हणजे कडेवर पिन आपटून उडणाऱ्याला, पेटणारा मसाला ओला असताना काडतूस गरगर फिरवून त्याच्या पोकळ कडेत पसरवतात, आणि तो सगळीकडे सारखा पसरला नाही की एक गोळी जोरात पेटते, दुसरी अर्धवट, तिसरी पेटतच नाही. जी अर्धवट पेटली तिचा वेग कमी, ती खाली लागते. त्यामुळे त्या ब्रँडचा ग्रुप, म्हणजे टार्गेटवर पडलेल्या भोकांचा पुंजका, गोल यायचाच नाही, उभा यायचा, पडवळासारखा. मला दोन महिने वाटत होतं माझा श्वासच चुकतोय.

शेवटी काकांनी (क्लबातले सगळ्यांचे काका, रेल्वेतून रिटायर, खिशात कायम मोजायचा व्हर्नियर) माझं टार्गेट हातात घेतलं आणि म्हणाले, "अरे तू इतका वाईट मारत नाहीस. पिशव्यांवर ठेव रायफल आणि गोळ्या तपास." म्हटलं काका चार ब्रँडचे चार बॉक्स कुठून आणू. तर म्हणाले, "मग अजून वर्षभर श्वास तपासत बस."

आणले. वेळ लागला, पण आणले. तो वरचा बेनामी, अमेरिकन सीसीआय स्टँडर्ड व्हेलॉसिटी, हे एसके स्टँडर्ड प्लस, आणि इंग्लंडच्या इलीचं टेनेक्स. टेनेक्स घेताना हात थरथरला खरं सांगतो, एका बॉक्सच्या पैशात स्टँडर्ड प्लसचे दोन आरामात आले असते. रुपयात आकडा मुद्दाम लिहीत नाही, कारण तो युरो, ड्युटी आणि माल कोणी आणला यावर इतका हलतो की आज लिहिलेला पुढच्या महिन्यात खोटा ठरेल.

पद्धत साधी. वाळूच्या पिशव्यांवर रायफल, ५० मीटर, प्रत्येक बॉक्समधले पहिले दहा राउंड मोजायचेच नाहीत. हे खूप जण करत नाहीत आणि मग उगाच ब्रँडला शिव्या घालतात. प्रत्येक कंपनीचं गोळीवरचं मेण वेगळं असतं, आधीच्या गोळीचं मेण नळीत बसलेलं असतं, त्यावर नवीन गोळी मारली की ती पाच-दहा राउंड इकडेतिकडे भटकते, मग स्थिरावते. तर उरलेल्या चाळीसचे दहा-दहाचे चार ग्रुप. काका बाहेरून बाहेर मोजायचे आणि त्यातून ५.६ मिमी, म्हणजे गोळीचा व्यास, वजा करायचे.

बेनामी सरासरी ३४ मिमी. सीसीआय २२, आणि सगळे पन्नासच्या पन्नास उडाले, रोजच्या प्रॅक्टिसला आणि पोझिशन बसवायला एकदम मस्त गोळी आहे ती, मिळाली तर सोडू नका. स्टँडर्ड प्लस १५. टेनेक्स १३.

आता ह्या १५ चा अर्थ काय ते बघा, कारण इथेच माझा निर्णय झाला. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं रिंगण १०.४ मिमीचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. पण गोळीची कड रिंगणाला नुसती टेकली तरी दहा मिळतात, म्हणजे गोळीचा मध्य केंद्रापासून ८ मिमीपर्यंत गेला तरी चालतं (५.२ अधिक २.८, करून बघा). म्हणजे १६ मिमीपर्यंतचा ग्रुप बरोबर मधोमध बसवला तर सगळे दहा. स्टँडर्ड प्लस त्या १६ च्या आत बसते, जेमतेम का होईना, आणि तेही टेनेक्सच्या निम्म्याहून कमी पैशात. आणि मी काय मारतो, साठ शॉटमध्ये ५७५ च्या आसपास, कधी ५८० झाले तर पार्टी. ते जे वीस-पंचवीस पॉइंट जातात त्यात गोळीचे दोन-चार असतील, बाकीचे माझे, वाऱ्याचे, आणि आदल्या रात्री उशिरा जेवल्याचे. वरळीला समुद्रावरून वारा वळला की ४० ग्रेनची ही चिमुकली गोळी आख्खं रिंगण ओलांडून नवात जाते, तिथे टेनेक्स पण काही देवाची नाही. जे डेसिमलवर (दशांश गुणांवर, एका शॉटला जास्तीत जास्त १०.९) मारतात, ६५४ पैकी ६१५-६२० च्या वर, त्यांनी खुशाल टेनेक्स, आर ५०, मिडास असल्या महागड्या गोळ्या घ्याव्यात, त्यांना त्या दोन मिमीचे पैसे वसूल होतात. मला नाही होत.

गंमत म्हणजे ही काही कुठल्यातरी ऐऱ्यागैऱ्या कंपनीची गोळी नाही. एसकेचा कारखाना जर्मनीत शोनेबेक गावात आहे आणि महागड्या लापुआ ब्रँडच्या रिमफायर गोळ्या पण तिथेच बनतात, दोघी एकाच नॅमो ग्रुपच्या. म्हणजे एकाच घरातली थोरली आणि धाकटी म्हणा. डब्यावर वेग ३२७ मीटर सेकंदाला लिहिलाय, आणि हे मुद्दाम कमी ठेवलेलं असतं. आपल्या हवेत ३० डिग्रीला आवाजाचा वेग साधारण ३४९, म्हणजे गोळी नळीतून निघाल्यापासून टार्गेटपर्यंत आवाजाच्या खालीच राहते. ती जी हाय व्हेलॉसिटी येते ना, ३८० च्या आसपासची, नवीन लोकांना वाटतं जोरात म्हणजे सरळ, तसं नसतं, ती आवाजाच्या वर निघते आणि मध्येच खाली उतरते आणि उतरताना डगमगते. प्रोनला ती नकोच.

पण सावध, माझ्या बॅरलला पटली म्हणजे तुमच्या पटेलच असं अजिबात नाही. आमच्या क्लबमधल्या एकाच्या वॉल्थर रायफलमध्ये हीच गोळी, हाच लॉट, २४ मिमी. त्याला आरडब्ल्यूएस ब्रँडची गोळी लागते. त्याने माझ्यासमोर मोजलं, मी मोजलं, काकांनी मोजलं, २४ म्हणजे २४. काकांचं म्हणणं नळी आणि गोळीची पत्रिका जुळावी लागते, गुण ३६ पैकी ३६ कोणाचेच नाहीत.

आणि लॉट, म्हणजे कारखान्यात एका वेळी बनलेली खेप. ह्याच्यावर मी वेगळं पुराण लिहू शकतो. बॉक्सच्या टोकाला छापलेला तो नंबर बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, कुठल्याही ब्रँडचा. गेल्या दिवाळीच्या आधी एका दुकानातून (नाव नको, माणूस भला आहे) ५०० चं ब्रिक (५० चे दहा बॉक्स) घेतलं, वरचं प्लास्टिक आधीच फाटलेलं, मी म्हटलं असू दे. घरी येऊन कपाटात कुलपात ठेवलं, रविवारी रेंजवर पहिला बॉक्स झकास, दुसरा झकास, तिसऱ्यात अचानक सगळे शॉट पावणेनऊ वाजताच्या दिशेला, पाच-सहा मिमी. मी वाऱ्याला शिव्या दिल्या, साइट दोन क्लिक सरकवली, चौथ्या बॉक्सला परत उजवीकडे. डोकं फिरलं. मग बॉक्स शेजारी शेजारी ठेवून बघतो तर काय, दोन वेगळे लॉट मिसळलेले, सहा एकाचे आणि चार दुसऱ्याचे. दोन्ही लॉट आपापल्या जागी चांगलेच, ग्रुप बारीकच, पण पडतात वेगळीकडे. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "साहेब, गोळी ती गोळी, लॉट काय भाजीचा आहे का?" आता मी काउंटरवरच दहाच्या दहा बॉक्स मांडून नंबर वाचतो, मागे गिऱ्हाईक उभं असलं तरी. त्याला त्रास होतो, मला इलाज नाही.

मेणाचं सांगायचं राहिलं. मॅचच्या (स्पर्धेच्या) गोळ्या सगळ्याच मेणकट असतात आणि आपल्या एप्रिल-मेमध्ये गाडीत राहिल्या की ते मऊ होतं, बोटं काळी होतात, आणि खाली चटईवर पडलेली गोळी उचलून तशीच भरलीत तर चिकटलेली वाळू सरळ नळीत जाते. मी पडलेली गोळी बाजूलाच ठेवतो, सुताने पुसून प्रॅक्टिसला वापरतो. बॉक्स डिकीत ठेवायचा नाही, थर्माकोलच्या छोट्या डब्यात, बर्फ वगैरे काही नको, नुसती सावली पुरते. पावसाळ्यात ठाण्याच्या दमटपणात पुठ्ठ्याचे बॉक्स मऊ पडतात, म्हणून घरी स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर आणि डबा कुलपात. पुड्या बुटांच्या खोक्यांतल्या चालतात, आमच्या घरी आता बूट घेतले की पुडी आधी माझ्याकडे येते.

क्लबचं पुढचं इंडेंट ह्या महिनाअखेर बंद होतंय. मी दोन ब्रिक लिहिलेत, स्टँडर्ड प्लस, आणि शेवटच्या रकान्यात "एकच लॉट" असं लिहून खाली दोन रेघा मारल्यात. स्टोअरवाल्या पोराने विचारलं, रेघा कशाला, एक पुरली असती. त्याला म्हटलं मिसळलेलं आलं तर तूच साइट फिरवायला येशील का रविवारी. तिसरी रेघ त्याने स्वतः मारली.