हणजूणच्या बाजारातला ‘मोसी राजाचा मुखवटा’

गोव्यात हणजूणच्या बुधवारच्या बाजारात एका स्टॉलवर हा मुखवटा ‘मोसी राजाचा, शंभर वर्षांपूर्वीचा’ म्हणून विकायला होता. भाव ८,००० सांगितला, घासाघीस करून ३,२०० ला सुटला. भिंतीवर टांगायला वाईट नाही. राजा आणि शंभर वर्षं मात्र विसरा.

पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशातल्या मोसी लोकांमध्ये मुखवटे राजघराण्याचे नसतातच. राज्यकर्ते ते नाकोम्से. मुखवटे असतात न्योन्योसे या मूळच्या शेतकरी कुळांचे, आणि बाहेर निघतात ते मुख्यतः वडीलधाऱ्यांच्या अंत्यविधीला. हा नमुना यातेंगा भागातला: खोलगट लंबगोल चेहरा, मधोमध उभी करवती कड, डोक्यावर उंच फळी. घाट कारागिराने चांगला पकडलाय, करवतीचे दात तर हेवा वाटावा असे.

आता उलटा करून बघा. कडेला एक भोक नाही. अंबाडीच्या तंतूंचा झगा तिथेच ओवून बांधतात, म्हणजे हा घालून कोणी नाचलेलं नाही. आतली बाजू सगळीकडे सारखीच काळी. वापरातला मुखवटा कपाळ-गाल घासतात तेवढ्याच जागी गुळगुळीत होतो. स्पिरिटचा बोळा फिरवला की तपकिरी डाग आणि बुटाच्या पॉलिशचा वास. लाल रंग लोहयुक्त दगड कुटून केलेला हवा (तो दगड गोव्याला काय नवा!), इथे ऑइल पेंट आहे, नखाने सालपट निघतं. वजन ४.६ किलो. नाचायचे मुखवटे सावरीसारख्या हलक्या लाकडाचे, एकाच ओंडक्यातून कोरलेले असतात. याची फळी वेगळी, गोंदाने चिकटवलेली.

फळीत टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसली आणि खाली पिठासारखा भुसा पडत असेल तर कीड जिवंत आहे. वार्निश लावू नका, कीड आतच राहते. जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत, हवा काढून, नीट बांधा आणि ओळखीच्या मासळीवाल्याच्या आडव्या फ्रीझरमध्ये उणे २० अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर दव थेट लाकडावर धरतं आणि मग बुरशी.

जांभ्याच्या भिंती पावसाळ्यात ओल धरतात, तेव्हा मागे बुचाचे तुकडे लावून बोटभर फट ठेवा. तार चेहऱ्याच्या भागाला बांधा. फळीला बांधलीत तर जोड सुटून चेहरा खाली येईल.

असाच मुखवटा कोणी १,५०० ला देत असेल तर घ्या.