सतरंज्या उचलायला शिकवणारं नेतृत्व शिबिर

पत्रकावर ‘नेतृत्व विकास निवासी प्रशिक्षण, पाच दिवस’ असं छापलेलं होतं. मी एका मोठ्या ऑफिसच्या इमारतीत कंत्राटी सफाईचं काम करते, अकरा वर्षं झाली. आमच्यातल्या कुणीतरी जावं असं ठरलं आणि सगळ्याजणींनी माझ्याकडे बघितलं, कारण सुपरवायझरला उलट उत्तर देणारी मीच. भांडता आलं की पुढारी होता येतं, असा आमचा समज. माझाही होताच.

संस्थेचं नाव लिहीत नाही. तक्रारी बऱ्याच आहेत, आणि माणसं मनानं वाईट नव्हती.

पहिला दिवस वाया गेला. सामाजिक न्याय म्हणजे काय, यावर स्लाइडवर स्लाइड. खोलीत सत्तावीस जण होतो, त्यातले निम्मे तरी अन्याय भोगूनच आले होते. तो पडद्यावर दाखवायची गरज नव्हती. दुपारच्या सत्रात माझ्या शेजारची बाई चक्क घोरायला लागली. मला तिचा हेवा वाटला.

खरं शिबिर सुरू झालं दुसऱ्या दिवशी सकाळी. दोघादोघांच्या जोड्या लावल्या. एकानं कार्यकर्ता व्हायचं, दुसऱ्याला संघटनेत यायला तयार करायचं. माझ्या समोर एक तरुण ड्रायव्हर. मी लगेच सुटले: तुमच्यावर अन्याय होतोय, एकटे राहिलात तर कुणी विचारणार नाही, वगैरे वगैरे. प्रशिक्षक ताई मागे मोबाइलवर वेळ लावून उभ्या होत्या. म्हणाल्या, “दहा मिनिटांत आठ मिनिटं तुम्हीच बोललात. ह्यांच्या घरी कोण कोण आहे?” मला काय माहीत! दुसऱ्या फेरीत तोंड दाबून बसले. तेव्हा कळलं की त्याला रात्रपाळीचा राग नाही, पाळी आदल्या संध्याकाळी कळते याचा राग आहे. मी मनात त्याच्यासाठी पगारवाढीची मागणी तयार ठेवून बसले होते.

तिसऱ्या दिवशी प्रत्येकानं आपापला प्रश्न कागदावर लिहायचा होता. मी लिहिलं, ‘कामगाराला माणूस म्हणून वागवत नाहीत.’ ताईंनी वाचलं आणि विचारलं, “हे कुणी मान्य करायचं? कुणाच्या सहीनं? कधीपर्यंत?” मी गप्प. मग त्यांनी खोदून खोदून विचारलं, की सकाळी कामावर आल्यावर पहिला त्रास कसला होतो. हातमोज्यांचा, मी म्हटलं. सगळे एकाच मापाचे येतात, पुरुषांच्या हाताचे. आमच्या बोटांच्या पुढे रबर लोंबतं, त्यातून फिनेल आत जातं आणि नखांच्या कडेची कातडी सोलते. “हां,” ताई म्हणाल्या, “आता हे जिंकता येईल.” मला आधी राग आला. अकरा वर्षांचा अपमान हातमोज्यावर आणून ठेवला म्हणून. पण ‘सन्मान द्या’ म्हटल्यावर समोरचा मान डोलावतो आणि निघून जातो. ‘लहान आणि मध्यम मापाचे मोजे अमुक तारखेपर्यंत’ म्हटल्यावर त्याला हो किंवा नाही म्हणावं लागतं. त्याच कागदाच्या मागे कोण कुणाचं ऐकतं याचा नकाशा काढायला लावला. मी सुपरवायझरला मधोमध मोठ्ठा काढला होता. नंतर चौकशी केली तर त्याच्या हातात काहीच नाही, सामानाच्या यादीवर सही इमारतीच्या व्यवस्थापकाची लागते. म्हणजे इतकी वर्षं मी चुकीच्या माणसाशी भांडत होते.

चौथ्या दिवशी सकाळी अमेरिकेतल्या रोझा पार्क्सची गोष्ट. मला वाटलं, तीच ती दमलेल्या शिंपिणीची. पण ताईंनी ती गोष्ट उसवूनच दाखवली. १९५५च्या डिसेंबरात रोझाबाईंनी गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडली नाही, तेव्हा त्या मोंटगोमेरीत कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचं काम बारा वर्षं करत होत्या, आणि त्याच उन्हाळ्यात टेनेसीतल्या हायलँडर शाळेत असंच प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या. अटक झाली त्या रात्री जो अ‍ॅन रॉबिन्सन या प्राध्यापिकेनं कॉलेजच्या यंत्रावर हजारो पत्रकं काढली आणि सकाळी वाटायची व्यवस्था केली. पुढे ३८१ दिवस तिथले कृष्णवर्णीय लोक बसमध्ये चढले नाहीत. कामावर तर जायचंच होतं. मग कुणाची गाडी कुठून सुटणार, कोण कुठे थांबणार, हे रोजच्या रोज कुणीतरी लावत होतं. हे ऐकताना मात्र कुणी घोरलं नाही.

एक खटकलं. सगळी उदाहरणं परदेशातली. महाडला १९२७ साली चवदार तळ्याचा जो सत्याग्रह झाला त्याच्यामागे रा. बा. मोरे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी परिषद भरवण्यासाठी केलेली पायपीट होती, आणि तळं सर्वांना खुलं करण्याचा नगरपालिकेचा १९२४चा ठराव नुसताच कागदावर पडून होता. ठराव, अंमलबजावणी नाही, मग लोक जमवून जाऊन उभं राहणं: या शिबिराला याहून चांगला धडा कुठला हवा होता? मी विचारलं तर “पुढच्या वेळी घेऊ” म्हणाले.

आता मोठी तक्रार. त्याच दुपारी ‘माझी गोष्ट’ नावाचं सत्र होतं. आपण या कामात का आलो ते प्रत्येकानं दोन मिनिटांत सांगायचं. कल्पना वाईट नाही. पण घेणारे गृहस्थ दुसरे होते आणि त्यांना दुःखच हवं होतं. कुणी साधं काही सांगितलं की “अजून आत जा” म्हणायचे. एका मुलीनं भावाच्या मृत्यूबद्दल सांगितलं आणि ती थांबेचना, रडतच राहिली. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि पुढचं नाव घेतलं. आम्ही दोघी तिला बाहेर घेऊन गेलो आणि जिन्यावर बसलो. जखम उघडायला लावली तर पट्टी बांधायची तयारी हवी. हे सत्र असंच घेणार असतील तर बंद करावं.

शेवटच्या दिवशी काय, तर याद्या आणि फोन. ‘येते’ म्हणणाऱ्यांतल्या निम्म्याच येतात असं धरून चाला, आदल्या दिवशी पुन्हा फोन करा, कुणाला उगाच बोलावू नका, प्रत्येकीला काहीतरी काम द्या, आणि बैठक संपली की लगेच तिथेच बसून काय चुकलं ते बोला. रटाळ वाटेल. माझ्या सगळ्यात उपयोगी हेच पडलं. परत आल्यावर यादीत तेवीस नावं लिहिली, चौदा जणी हो म्हणाल्या, आल्या सहा. शिबिराला गेले नसते तर त्या दिवशीच नाद सोडला असता. चौथ्या बैठकीला सतरा आल्या. त्यातल्या नऊजणी सोललेली बोटं घेऊन व्यवस्थापकाच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. बोलली सगळ्यात नवीन मुलगी, मी मागे. तीन आठवड्यांनी दोन मापांचे मोजे आले. कपडे बदलायच्या खोलीला कडी मात्र अजून नाही.

तर जावं का? भाषण करायला शिकायचं असेल तर नको. पाठीमागची सतरंजी उचलायची तयारी असेल तर जरूर जा. पहिल्या दिवशी उशिरा पोचलात तरी काही बिघडत नाही. लहान मूल असेल तर आधी विचारून घ्या, सांभाळायची सोय नाही. पत्रकावर त्यांनी ‘सहा आठवडे मार्गदर्शन’ लिहिलंय, मला दोन फोन आले, आणि दुसरा पुढच्या बॅचला माणसं सुचवा म्हणून.

प्रमाणपत्र लॅमिनेट करून मिळतं. माझ्या प्रमाणपत्रावरचं आडनाव चुकलंय. दोनदा कळवलं. तिसऱ्यांदा लेखी दिलंय, कोणाच्या सहीनं बदलतं तेही शोधून काढलंय. पाठपुरावा चालू आहे.