कानिको वापरून पाहिलं : इमेज क्लस्टरमध्येच बनवा, गावातून फक्त कोड पाठवा

वरुड तालुक्यातल्या गावात बसून सॉफ्टवेअरचं काम करणाऱ्या माणसाले अपलोड स्पीड काय असते हे वेगळं सांगा लागत नाही. डाउनलोड बरा मिळते, रील-बील मस्त चालते, पण लॅपटॉपवर बनवलेली डॉकर इमेज (ॲप न् त्याले लागणारं सगळं एकत्र बांधलेलं पॅकेज) वर ढकलायची म्हटली की एक लेयर (इमेजचा एक थर) अर्धा जाते, लाइन जाते, राउटर बंद, मोबाईलचं हॉटस्पॉट लावा, आणि तो लेयर पुन्हा पहिल्यापासून. म्हणून इमेज बनवायचं न् रजिस्ट्रीत (इमेज ठेवायच्या ऑनलाइन गोदामात) टाकायचं काम सरळ क्लस्टरमधेच (कुबरनेटीसनं ॲप चालवणाऱ्या सर्व्हरवरच) करणारं कानिको नावाचं टूल वापरून राहिलो, त्याचा हा रिव्ह्यू. ज्याले पॉड, डिप्लॉयमेंट, डॉकरफाइल एवढं ऐकून माहीत आहे त्याच्यासाठी लिहितो.

माझं ॲप संत्र्यावाल्या व्यापाऱ्यांसाठी आहे, बागेचे सौदे, गाडीच्या पावत्या, तोडणीच्या मजुरीचा हिशेब. जँगो या पायथनच्या फ्रेमवर्कमधे आहे आणि मुंबईच्या डेटासेंटरमधल्या ४ जीबी रॅमच्या भाड्याच्या मशीनवर केथ्रीएस (कुबरनेटीसचं हलकं रूप) टाकून चालते. आता पायथनची पूर्ण बेस इमेज (जिच्यावर आपली इमेज रचतो ती) उघडली तं जवळपास १ जीबीची असते, स्लिम घेतली तं शंभर-सव्वाशे एमबी, त्यावर आपल्या लायब्रऱ्या. बदललेलेच लेयर वर जातात हे खरं, पण लायब्रऱ्यांच्या यादीत एक ओळ बदलली की तो अख्खा लेयर नवीन होते. आणि कोड बदलला किती? पाच-दहा केबी! लग्नाचा स्वयंपाक गावात रांधून नागपूरले न्यायचा की आचारीच तिकडं पाठवायचा, एवढाच प्रश्न आहे हा. गिट पुश करा, बाकी सगळं तिकडच्या नेटवर होते.

जुन्या ट्युटोरियलमधे याच्यासाठी एक सोपी युक्ती दिसते, की नोडवरचं (क्लस्टरमधल्या मशीनवरचं) डॉकरचं सॉकेट, म्हणजे डॉकरले हुकूम द्यायचं दार, पॉडमधे माउंट करा आणि आतून डॉकर बिल्ड मारा. ते विसरा. कुबरनेटीसनं २०२२ मधे १.२४ व्हर्जनपासून डॉकरशिम (डॉकरशी जोडणारा दुवा) काढून टाकलं, आता बहुतेक क्लस्टर कंटेनरडीवर (कंटेनर चालवणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर) चालतात, केथ्रीएस तं सुरुवातीपासूनच, म्हणजे नोडवर डॉकर नसतेच तं सॉकेट कुठून येईन. दुसरा रस्ता डॉकरच्या आत डॉकर, पण त्याले प्रिव्हिलेज्ड पॉड लागते, म्हणजे त्या पॉडले जवळपास अख्ख्या मशीनची किल्ली देऊन टाकणं. ज्या मशीनवर लोकांचे पैशाचे हिशेब आहेत तिथं मी हे करणार नाही, तुम्हीही करू नका.

कानिको गूगलवाल्यांनी २०१८ मधे ओपन सोर्स केलं. याच्यात डॉकर डेमन (मागं सतत चालत राहणारा डॉकरचा प्रोग्राम) नाहीच. एक साधा पॉड उठते, तुमचा गिट रेपो ओढते, डॉकरफाइल वाचते, फ्रॉम ओळीतली बेस इमेज स्वतःच्याच फाइलसिस्टममधे उघडते, मंग एकेक कमांड चालवते आणि कमांडनंतर कोणत्या फाइली बदलल्या ते पाहून त्याचा लेयर बनवते. शेवटी रजिस्ट्रीत पुश, आणि पॉड संपला. कंटेनरच्या आत तो रूटच असते बरं का, पण प्रिव्हिलेज्ड लागत नाही, हा फरक मोठा आहे. स्वतःचीच फाइलसिस्टम उकरून काम करते म्हणून त्याची जी अधिकृत एक्झिक्युटर इमेज आहे तीच वापरा लागते, त्यातली बायनरी उचलून आपल्या इमेजमधे टाकायचा शहाणपणा करू नका.

सेटअपले तीनच गोष्टी सांगा लागतात : कोड कुठं आहे, डॉकरफाइल कोणती, आणि इमेज कुठं टाकायची. गिटचा पत्ता देताना मागं हॅश लावून ब्रँचचं पूर्ण नाव लिहा. रेपो प्रायव्हेट असला तं गिट टोकन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून द्यायचं, तेही सिक्रेटमधूनच (कुबरनेटीसची पासवर्ड-टोकन ठेवायची जागा), यामल सेटिंग फाइलमधे उघडं लिहून तीच फाइल गिटवर टाकणारे महाभाग आपल्याकडं कमी नाहीत. पॉडची रीस्टार्ट पॉलिसी नेव्हर ठेवा, नाही तं बिल्ड झाली की पॉड पुन्हा उठते आणि पुन्हा तेच सुरू. मी तं जॉब (एकदा चालून संपणारं काम) म्हणूनच लावतो, आणि जॉबची बॅकऑफ लिमिट (फसल्यावर पुन्हा किती वेळा चालवायचं तो आकडा) शून्य करतो, कारण ती आपोआप ६ असते आणि डॉकरफाइलच चुकीची असली तं सहा वेळा चालवून ती सुधरणार आहे काय?

नवीन माणूस अडकते ते एकाच जागी, रजिस्ट्रीच्या लॉगिनवर. कुबेक्टलनं (कुबरनेटीसले हुकूम द्यायच्या कमांडनं) डॉकर-रजिस्ट्री प्रकाराचं सिक्रेट बनवलं की त्याच्या आतल्या कीचं नाव 'डॉट डॉकरकॉन्फिगजेसन' असते. कानिको मात्र स्वतःच्या फोल्डरमधल्या डॉट डॉकर फोल्डरात 'कॉन्फिग डॉट जेसन' नावाची फाइल शोधते. म्हणजे माउंट करताना आयटम्समधे ते नाव बदलून द्या लागते. हे नाही केलं तं सिक्रेट तिथं असूनही कानिकोले दिसत नाही. रजिस्ट्री डॉकर हब (डॉकरची स्वतःची) असली तं सर्व्हरचा पत्ता लिहूच नका, कुबेक्टल बरोबर तोच टाकते. आणि पासवर्डच्या जागी ॲक्सेस टोकन द्या, लिहायची परवानगी असलेलं. यातली एक गोष्ट मले फार आवडली, कानिको बिल्ड सुरू करायच्या आधीच पुशची परवानगी तपासते. लॉगिन चुकलं असलं तं सुरुवातीलेच 'एरर चेकिंग पुश परमिशन्स' म्हणून पडते, पंधरा मिनिटं लायब्रऱ्या इन्स्टॉल करून शेवटी नाही म्हणत नाही.

लॉग पाहाले मजा येते. बांधावर बसून मोबाईलवरून पाहतो मी कधीकधी, नेट एका काडीवर असलं तरी चालते, कारण येते ते नुसतं टेक्स्ट. आधी 'रिट्रीव्हिंग इमेज मॅनिफेस्ट', मंग 'अनपॅकिंग रूटएफएस', मंग पिप इन्स्टॉलची ती लांबच लांब रांग, मंग 'टेकिंग स्नॅपशॉट ऑफ फुल फाइलसिस्टम', आणि इथं तो थांबल्यासारखा वाटते. नवीन पोरगा इथंच घाबरून पॉड डिलीट करते. थांबा जरा बाप्पा, फाइली तपासून राहिला तो. शेवटी 'पुशिंग इमेज टू' आणि त्याच्यामागं 'पुश्ड' आलं की झालं. मधात आपलं नेट गेलं तरी बिल्डले काही फरक पडत नाही, नेट आल्यावर पुन्हा लॉग उघडायचा.

आता याची लंगडी बाजू. मेमरी खाते, आणि भरपूर खाते. स्नॅपशॉट आणि कॉम्प्रेशनच्या वेळी मोठी बेस इमेज असली तं पॉड 'ओओएमकिल्ड' (मेमरी संपली म्हणून मारलेला) होऊन १३७ कोडनं मरणं ही कानिकोची जुनी बदनामी आहे. 'कॉम्प्रेस्ड कॅशिंग' फॉल्स करा, 'सिंगल स्नॅपशॉट' लावून पाहा, बेस इमेज स्लिम घ्या. आणि पॉडले मेमरीची लिमिट लावाच, लहान मशीन असलं तं बिल्ड मेली तं मेली, चालू ॲप मरायले नको, फेब्रुवारी-मार्चमधे मृग बहाराच्या गाड्या भरून राहिल्या असताना तं बिलकूल नाही. दुसरं म्हणजे कॅश (आधी बनवलेले लेयर पुन्हा वापरायची सोय) आपोआप चालू नसते, कॅश फ्लॅग ट्रू द्या लागते. मंग रन कमांडचे लेयर तो रजिस्ट्रीतच वेगळ्या रेपोत ठेवते, दोन आठवड्यांची मुदत असते त्याची. डॉकरफाइलमधे लायब्रऱ्यांची यादी आधी कॉपी, मंग इन्स्टॉल, मंग बाकीचा कोड, हा क्रम पाळला तरच त्या कॅशचा उपयोग. 

आणखी एक फायदा, जो मले नंतर उमजला : मित्राकडं नवीन मॅक आहे, आर्म चिपचा. त्याच्या लॅपटॉपवर साधी बिल्ड केलेली इमेज इंटेलवाल्या सर्व्हरवर 'एक्झेक फॉरमॅट एरर' देते. कानिको ज्या नोडवर चालते त्याच्याच चिपसाठी इमेज बनवते, त्यामुळं ही झंझटच राहत नाही.

पण सगळ्यात मोठी अडचण वेगळीच आहे. गूगलनं जून २०२५ मधे कानिकोचा रेपो आर्काइव्ह केला, म्हणजे तिकडून आता नवीन दुरुस्त्या नाहीत. चेनगार्ड कंपनीनं फोर्क करून (कोडची स्वतःची प्रत घेऊन) देखभाल सुरू ठेवली आहे. मंग शिकायचं काऊन, असं विचारान तं माझं मत असं की पहिल्यांदा ही कल्पना समजून घ्यायले याच्याइतकं सुटसुटीत काही नाही, एक पॉड न् तीन आर्ग्युमेंट. पण गिऱ्हाइकाचं नवीन काम आज उभं करायचं असलं तं मी बिल्डकिट (डॉकरचंच इमेज बनवायचं इंजिन) घेईन. ते चालवणाऱ्या डॉकर बिल्डएक्समधे कुबरनेटीस ड्रायव्हर आहे, लॅपटॉपवरून नेहमीसारखीच कमांड मारायची, कोड तेवढा वर जाते आणि बिल्ड न् पुश दोन्ही क्लस्टरमधून होते. कमांड सुटेपर्यंत आपलं नेट टिकलं पाहिजे एवढं मात्र आहे, आणि रूटलेस (रूटच्या अधिकाराशिवाय) चालवायचं म्हटलं तं सेककॉम्प आणि ॲपआर्मर ही लिनक्सची सुरक्षा बंधनं ढिली करा लागतात. रेडहॅटवाल्यांचं बिल्डा हे इमेज बनवायचं टूल पण आहे, पॉडमधे त्याच्या स्टोरेजची सेटिंग मले किचकट वाटली, पॉडमन (त्यांचंच डॉकरसारखं टूल) वापरणाऱ्याले ते घरचंच वाटन. कानिकोले ५ पैकी साडेतीन.

जाता जाता दोन कामाच्या गोष्टी. बेस इमेज डॉकर हबवरून येते, आणि बिगर लॉगिन एका आयपीवरून ६ तासांत १०० पुल (इमेज ओढणं), फुकट खात्यानं लॉगिन करून २००, अशी मर्यादा आहे. कानिको तीच कॉन्फिग फाइल पुललेही वापरते म्हणून आपण आपोआप २०० वाल्यात बसतो. दुसरं, टॅगले लेटेस्ट लिहू नका. नवीन इमेज त्याच नावानं गेली तं डिप्लॉयमेंटमधे काहीच बदललेलं नसते, जुना पॉड आपला निवांत चालू राहते आणि आपण म्हणतो बदल दिसत काऊन नाही. गिट कमिटचे पहिले सात अक्षरं टॅग म्हणून द्या, आणि बिल्ड झाल्यावर कुबेक्टल सेट इमेजनं तोच टॅग डिप्लॉयमेंटमधे टाका. काही बिघडलं तं मागचा टॅग टाकला की जुनं व्हर्जन परत.