वेण्णा लेकवरच्या लग्नाला जाताय? मुलीच्या मामाचा रिव्ह्यू

फेब्रुवारीत भाचीचं लग्न झालं, महाबळेश्वरला, वेण्णा लेकपासून चालत दहा मिनिटांवरच्या एका हॉटेलात. हॉटेलचं नाव लिहीत नाही, गरम पाण्यावरून त्यांचं नि आमचं जे काय झालं ते झालं, आता उकरून काय उपयोग. पण लग्नाआधी महिनाभर माझा फोन वाजत होता, नागपूरहून आत्या, मुंबईहून व्याह्यांकडची मंडळी, बंगळूरहून भाचीच्या ऑफिसातली पोरं, सगळ्यांचं एकच, "मामा, तिथं बघायला काय आहे आणि खायला कुठं जायचं?" आता मी पुण्याचा, म्हणजे महाबळेश्वरला आयुष्यात पंचवीस वेळा तरी गेलोय, पण लग्नाला आलेला पाहुणा म्हणून कधीच नाही, आणि ते प्रकरण पूर्ण वेगळं आहे राव. तुमच्याकडे तीन दिवस असतात पण खरं बघायला गेलं तर नसतातच. हळदीच्या आधी दोन तास, जेवणानंतर चार तास, असे तुकडे मिळतात, त्यातच सगळं.

त्यामुळे पहिली गोष्ट, टॅक्सी स्टँडवर "बारा पॉइंट, चौदा पॉइंट" असली जी पॅकेजेस असतात ती घेऊ नका. आमच्या नागपूरच्या गँगनं घेतलं. प्रत्येक पॉइंटवर गाडीतून उतरा, रेलिंगला टेकून दरी बघा, फोटो काढा, माकडानं हातातला मका पळवला की ओरडा, परत गाडीत. संध्याकाळी आत्याला विचारलं काय बघितलं, तर म्हणाल्या, "दरी." बरं, त्यात ड्रायव्हरनं "स्ट्रॉबेरीचं शेत दाखवतो" म्हणून नेलं, तिथं शेत होतं चार वाफ्यांचं आणि त्यापुढं जॅम-सरबताचं दुकान होतं चाळीस फुटांचं. पॉइंट बघायचाच तर एकच बघा, आर्थर सीट, कारण तिथं खाली सावित्रीचं खोरं आणि एका बाजूला कोकण असं एकदम अंगावर येतं, आणि हवा खालून वर इतकी जोरात येते की हलकी वस्तू टाकली तर परत वर येते (टाकू नका, कचरा होतो, आमच्या एका पोरानं टाकली आणि शिव्या खाल्ल्या).

आता लेकबद्दल, कारण लग्नपत्रिकेवर त्याचंच चित्र होतं. हा तलाव नैसर्गिक नाही, साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी १८४२ साली बांधून घेतलाय, आणि आजही महाबळेश्वर-पाचगणीला पिण्याचं पाणी इथूनच जातं. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता तिथं जायचं म्हणजे स्वतःहून शिक्षा मागून घेणं, बोटीला रांग, घोड्यांची धूळ, हॉर्न, आणि लग्नाचे कपडे घालून गेलात तर संपलंच. पण तोच लेक सकाळी सातला बघा. पाण्यावर धुकं असतं, पलीकडचा काठ दिसतच नाही, चहाच्या टपऱ्या नुकत्या उघडत असतात. थंडी मात्र जबरदस्त. डिसेंबर-जानेवारीत तर लेक आणि लिंगमळ्याच्या पट्ट्यात दव गोठतं, गाड्यांच्या टपावर पांढरा थर येतो. फेब्रुवारीत आम्हाला तसं काही दिसलं नाही पण बंगळूरच्या पोरांनी नुसते कुर्ते आणले होते आणि शेवटी रुखवताच्या शाली पांघरून फिरत होती. स्वेटर आणा, हे मी पत्रिकेतच छापायला सांगणार होतो, कोणी ऐकलं नाही. हां, आणि संध्याकाळी लेकवर जायचंच असेल तर बोटीचा नाद सोडून फक्त मक्याचं पॅटिस खा, गरम असेल तरच घ्या, गार झालेलं परत तळून देतात ते तेलाचं बोळं होतं.

मला स्वतःला विचाराल तर सगळ्या ट्रिपमधलं सगळ्यात भारी म्हणजे क्षेत्र महाबळेश्वर, जुनं महाबळेश्वर म्हणतात ते. गावापासून सहा-सात किलोमीटर. शनिवारी हळद दहाला होती, आम्ही सातजण साडेसहाला निघालो. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री या पाच नद्यांचं पाणी गोमुखातून पडतं, माझी आई त्या पाण्याखाली हात धरून इतका वेळ उभी राहिली की मागची रांग खोकायला लागली. विचार करा ना, यातली कृष्णा पार आंध्रात जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते आणि सावित्री इकडं कोकणातून अरबी समुद्राला, आणि आपण दोन्हींचं पाणी एका ओंजळीत घेतोय म्हणे. महाबळेश्वराचं देऊळ शेजारीच, जिजाऊंची सुवर्णतुला शिवाजी महाराजांनी १६६५ साली इथंच केली. पण बहुतेक लोक ही दोन देवळं करून परत फिरतात आणि कृष्णाबाईचं देऊळ राहून जातं. ते जरा बाजूला आहे, थोडं चालावं लागतं. काळ्या दगडाचं, शेवाळलेलं, पुढं कुंड, आणि समोर कृष्णेचं अख्खं खोरं उघडं. आम्ही गेलो तेव्हा आमच्याशिवाय एक कुत्रं होतं फक्त. लग्नाच्या घरात तीन दिवस डीजे, फोटोग्राफर, "मामा इकडे या" ऐकून कान किटलेले असतात, तिथं जाऊन वीस मिनिटं नुसतं बसलो. व्याही पण आले होते बरोबर, मुहूर्ताच्या आदल्या दिवशी आमचं पहिलं धड बोलणं तिथंच झालं.

प्रतापगड. हळद उरकून, जेवून दीडला निघालात तर संगीतच्या आत आरामात परत येता, पण जेवण कमी करून निघा, का ते सांगतो. आंबेनळी घाटाच्या रस्त्यानं साधारण वीस-बावीस किलोमीटर, वळणं भरपूर, ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढं बसा. वर साडेचारशे-पाचशे पायऱ्या आहेत, आमच्या सत्तरीच्या काकांनी हळूहळू भवानीच्या देवळापर्यंत चढल्या, पुढं नाही आले. १६५६ साली मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली बांधलेला गड आणि तीनच वर्षांनी १० नोव्हेंबर १६५९ ला त्याच्या पायथ्याशी अफझलखान, हे सगळं शाळेत पाठ केलेलं असतं पण बुरुजावर उभं राहून खाली जावळीचं रान बघितलं की कळतं खानाला इथंच का बोलावला. एवढं मोठं सैन्य त्या झाडीत मांडणार कुठं? बंगळूरच्या पोरांना गाइड लावून दिला, बाकी कुठं लावू नका पण इथं लावा. आणि जेवण कमी करा म्हटलं ते यासाठी, गडावर घरगुती झुणका-भाकर मिळते, ठेचा, कांदा, गार ताक. केटररच्या पनीरला दीड दिवसातच आम्ही सगळे इतके कंटाळलो होतो की व्याह्यांकडच्या एका सुटाबुटातल्या काकांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि मग पायऱ्या उतरताना आम्हालाच धरून उतरले.

बाजारात रात्री जा, जेवणं झाल्यावर, शुक्रवारी सीमांतपूजनानंतर आम्ही गेलो. चिक्की सगळीकडे सारखीच, फार चवी घेत बसू नका. चणे मात्र घ्या, मसाल्याचे, लसणाचे, लिंबाचे असे असतात, दुकानदार मूठभर हातावर देतो, चार दुकानं फिरलात की पोट भरतं. चपलांची घासाघीस करा. मध घ्यायचा असेल तर मध उत्पादकांच्या सोसायटीचा मधुसागर घ्या, त्यातला जांभळाचा, गडद रंगाचा, किंचित कडवट असतो, पोरांना नाही आवडत, मला फार आवडतो. आणि ज्यांना लग्नाच्या शुद्ध शाकाहारी वातावरणात गुदमरायला होतं त्यांच्यासाठी, बाजाराच्या मागच्या गल्लीत एका मावशींची खानावळ आहे, सुकं मटण, पांढरा भात, रस्सा आणि वाफाळती ज्वारीची भाकरी. नाव नाही सांगणार. टेबलं सहाच आहेत, पुढच्या वेळी मलाच जागा मिळायची नाही. शोधा, वासावरून सापडते. आम्ही पाचजण शनिवारी संगीत सुरू झाल्यावर सटकलो होतो, आणि नेमका तेव्हाच स्टेजवरून "मुलीच्या मामांचा डान्स" पुकारला, त्याचा व्हिडिओ ग्रुपवर आहे, रिकाम्या स्टेजचा.

स्ट्रॉबेरीचं काय ते एकदा सांगून टाकतो. सीझन साधारण डिसेंबर ते मार्च-एप्रिल. विंटर डॉन, स्वीट चार्ली, कॅमरोजा अशा जाती असतात, विचारलंत तर शेतकरी सांगतो आणि खायलाही देतो. बॉक्स घेताना उलटा करून खालचा थर बघाच, वर लालचुटुक आणि खाली लगदा हा खेळ जुना आहे. येताना घेऊ नका, परत निघताना घ्या. क्रीमबरोबर खायची असेल तर गुरेघरला मॅप्रो गार्डन आहे, तिथलं सँडविच दोघांत एक पुरतं, पण रविवारी दुपारी तिथं जाणार असाल तर तास-दीड तास हातात ठेवूनच जा.

आता जाता-येताचं. पुण्यामुंबईहून येताना वाईला थांबाच, सगळे पसरणी घाट चढायच्या घाईत वाई सोडून देतात. ढोल्या गणपती (१७६२ चा, रास्त्यांनी बांधलेला) बघायला दहा मिनिटं लागतात, पण खरी मजा पुढं मेणवलीला, नाना फडणवीसांचा वाडा आणि मागं कृष्णेचा दगडी घाट. घाटावर मेणेश्वराजवळ एक मोठी पोर्तुगीज घंटा टांगलीय, चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेतली म्हणतात, तिच्यावर १७०७ साल आणि मेरीमाता कोरलेली आहे. महादेवाच्या दारात मेरीमाता. आमच्या मुंबईच्या ख्रिश्चन शेजारीणबाई लग्नाला आल्या होत्या, त्या तिथं बराच वेळ हात लावून उभ्या होत्या.

परतताना भिलार, पुस्तकांचं गाव, २०१७ ला सुरू झालं. घराघरांत पुस्तकं, एका घरी कविता, एका घरी इतिहास, एका घरी बालसाहित्य, कुणीही जायचं, बसायचं, वाचायचं, पैसे नाहीत. टेबललँडवर घोड्यावरून फेरी मारण्यापेक्षा मी पोरांना इथं नेईन, आणि नेलंही, पण पोरं कंटाळली आणि माझी मेव्हणी एका घराच्या ओसरीवर कादंबरी घेऊन बसली ती उठेना. शेवटी घरच्या बाईंनी चहा केला. पाठवणीत रडून डोळे सुजलेली माझी बहीण पण तिथंच जरा हसली.

गाडीत जागा ठेवा बरं का. आमच्या डिकीत रुखवताची भांडी, त्यावर सात बॉक्स स्ट्रॉबेरी, आणि पसरणीच्या तिसऱ्या वळणावर तांब्या घरंगळला. पुण्यात उघडलं तेव्हा दोन बॉक्सांचा जॅम तयार होता.