प्री-मेडसाठी अ‍ॅमहर्स्ट की मिशिगन?
अमेरिकेत प्री-मेड, म्हणजे मेडिकल स्कूलला जाण्याआधीची तयारी, ही पदवी नव्हे. बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्सचे ठरावीक कोर्स दोन्हीकडे होतात. फरक माणसांचा आणि पैशांचा.

अ‍ॅमहर्स्ट या छोट्या खासगी कॉलेजात सुमारे १,९०० विद्यार्थी. ऑरगॅनिक केमिस्ट्रीचे प्राध्यापक तुम्हाला नावाने ओळखतात, आणि मेडिकल स्कूलला लागणारी शिफारसपत्रं अशा ओळखीतूनच वजनदार होतात. मिशिगन या राज्य सरकारच्या मोठ्या विद्यापीठात ३०,०००हून जास्त अंडरग्रॅज्युएट. ओळख स्वतः जाऊन करून घ्यावी लागते. पण विद्यापीठाचंच रुग्णालय आणि संशोधनाच्या लॅब तिथेच आहेत, अ‍ॅमहर्स्टला मेडिकल स्कूल नाही.

मिशिगन राज्यातच घर असेल तर फी बरीच कमी, तेव्हा मी मिशिगनच म्हणेन (आईबाबांना नावाची कितीही हौस असो). पुढे मेडिकलचं कर्ज आहेच. उत्पन्न बेताचं असेल तर मात्र अ‍ॅमहर्स्टची कर्जाविना मिळणारी मदत आधी तपासा.