खिशातलं रेसचं पुस्तक: हँडिकॅपला पक्कं, फिलींच्या गिनीजला कच्चं

मुंबई-पुण्याच्या घोड्यांच्या शर्यतींच्या मोसमात दर रेसच्या दिवसासाठी निघणारं, पळणाऱ्या घोड्यांची माहिती देणारं हे छोटं पुस्तक. खिशात मावेल एवढा आकार, वर्तमानपत्री कागद, मुंगीएवढी अक्षरं. रेसवाले त्याला नुसतं ‘पुस्तक’ म्हणतात. नाशिकला रेसकोर्स नाही, त्यामुळे पॅडॉकच्या, म्हणजे रेसआधी घोडे फिरवतात त्या आवाराच्या, कठड्याला टेकून रोज घोडे बघणाऱ्या मुंबईकराला जे डोळ्यांनी कळतं, ते इथल्या माणसाला या कागदातूनच काढावं लागतं. म्हणून त्याची परीक्षा सोप्या रेसवर घेण्यात अर्थ नाही. डिसेंबरात मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर होणारी इंडियन 1000 गिनीज, म्हणजे फक्त तीन वर्षांच्या फिलींची (फिली म्हणजे तरुण घोडी) 1600 मीटरची मानाची ‘क्लासिक’ रेस, ही खरी कसोटी. त्या कसोटीला पुस्तक निम्मंच उतरतं. का, ते रेटिंगच्या रकान्यापासून बघावं लागतं.

रोजच्या हँडिकॅप रेसमध्ये घोड्याच्या कुवतीचा आकडा, म्हणजे रेटिंग, बघून पाठीवरचं वजन ठरतं; रेटिंगचा एक पॉइंट म्हणजे अर्धा किलो. चौथ्या वर्गात 20 ते 46 रेटिंगचे घोडे पळतात, म्हणजे वरच्या आणि खालच्या घोड्यात 13 किलोंपर्यंत फरक. हे रेटिंग देणाऱ्या हँडिकॅपरचा हेतूच हा, की सगळ्यांनी एका ओळीत पोस्ट, म्हणजे शेवटची रेषा, गाठावा. पुस्तकाची सगळी मांडणी या हिशोबासाठी झालेली आहे आणि तिथे ते खरोखर पक्कं आहे. मागच्या रेसेसच्या ओळी, पाठीवरचं वजन, किती लेंथने (घोड्याच्या लांबीने) हार, कोण जॉकी, सगळं एका नजरेत येतं. गिनीजमध्ये मात्र सगळ्या फिली सारखंच वजन घेतात. हँडिकॅपमध्ये हलक्या वजनावर जिंकलेल्या फिलीची ती सवलत इथे संपते, आणि पुस्तक हे कुठेच ओरडून सांगत नाही. तिच्या नावापुढे ‘1, 1’ असे दोन विजयांचे आकडे झळकतात आणि लोक भुलतात.

उदाहरण घेऊ. फिली ‘अ’ पुण्यात 1400 मीटरला तिसऱ्या वर्गात 52 किलो घेऊन दोन लेंथने जिंकली. दुसरा आलेला घोडा 58 किलोचा, रेटिंग 64. तिचं स्वतःचं रेटिंग 52. या अंतराला एक लेंथ म्हणजे ढोबळमानाने एक किलो. दोन लेंथ म्हणजे दोन किलो, म्हणजे चार पॉइंट. ‘अ’ची खरी किंमत 56. आता ‘ब’. ती 1600 मीटरच्या टर्म्स रेसमध्ये, सगळ्यांना सारखं वजन असताना, 74 रेटिंगच्या घोड्यामागे तीन लेंथने तिसरी. 1600 ला लेंथ थोडी स्वस्त, पाऊण ते एक किलोच्या मधे कुठेतरी. तीन लेंथ म्हणजे अडीच किलो, पाच पॉइंट. ‘ब’ची किंमत 69. तेरा पॉइंटांचा फरक 1600 ला आठ लेंथच्या आसपास जातो. पुस्तकात ‘अ’ विजेती दिसते आणि ‘ब’ हरलेली. पैजेचा भावही तसाच लागतो.

हा हिशोब करताना एक गोम. 74 चा घोडा त्या दिवशी 74 सारखा पळाला होता का? गेटमध्ये अडकला, वळणावर बाहेरून फिरवला, शेवटी जॉकीने सोडून दिला, तर त्याच्यावरून काढलेला आकडा फसवा. म्हणून जिंकलेल्या घोड्याबरोबर दुसऱ्या-चौथ्यावरूनही तोच हिशोब करून बघावा आणि दोन्ही उत्तरं जवळ आली तरच आकडा पेन्सिलीने समासात लिहावा. समास अर्ध्या बोटाचा आहे, ही वेगळी तक्रार.

बंगळुरू किंवा हैदराबादहून आलेली फिली असली की पुस्तक अजून लंगडं पडतं. तिकडचं रेटिंग दुसऱ्या रेस क्लबच्या हँडिकॅपरने दिलेलं असतं. तोच 70 चा आकडा इथल्या 70 शी जुळेलच असं नाही. तिने तिकडे हरवलेल्यांपैकी कोणी मुंबईत येऊन पळालं असेल, तर तो एकच पूल. तो नसेल तर रेटिंगचा रकाना झाकून पुढे जावं.

जिथे पुस्तक पैसे वसूल करून देतं ते ट्रॅकवर्कचं पान. सकाळच्या गॅलपच्या वेळा तिथे असतात, आणि नवखा माणूस नेमका तिथेच गोंधळतो. ‘1000/1-6, 600/38’ म्हणजे हजार मीटर 1 मिनिट 6 सेकंदांत, त्यातले शेवटचे 600 मीटर 38 सेकंदांत. पहिल्या 400 ला 28 सेकंद लागले, म्हणजे आरामात सुरुवात करून शेवटी वेग वाढवला. कोवळ्या फिलीत हेच हवं. नुसता आकडा मात्र वाचायचा नाही. आधी ट्रॅक बघा, आतली वाळू की बाहेरची, कारण दोन्हीकडच्या वेळांची तुलना होत नाही. मग शेरा बघा. ‘सहज’ पळून 38 आणि ‘दाबून’ 38 यांत जमीन-अस्मानाचा फरक. पाठीवर रेसचा जॉकी होता की सकाळचा रायडिंग बॉय, तेही बघा. जोडीला कोण होतं हे तर सोडूच नका. वरच्या वर्गाच्या घोड्याबरोबर बरोबरीत आलेली फिली ही एका ओळीतली मोठी बातमी असते. रेसच्या आठवड्यात दोनदा दाबून काम झालेलं दिसलं, तर तिथे थबका. या वयात जास्तीचं काम अंगाला लागण्याऐवजी अंगावरून उतरतं.

वयाबद्दल पुस्तक नुसतं ‘3’ छापतं. रेसच्या घोड्यांचं वय 1 जानेवारीला एकदम एका वर्षाने वाढतं, मग फिली जानेवारीत जन्मलेली असो की एप्रिलमध्ये. तीन वर्षांच्या जनावरात तीन महिन्यांचा फरक हाडापेराने दिसतो. एप्रिलमधली फिली जुलैत पुण्याला किरकोळ वाटली आणि डिसेंबरला भरून आली, असं होऊ शकतं. जन्मतारीख पुण्याच्या स्टड बुक ऑथॉरिटी ऑफ इंडियाच्या नोंदींत मिळते. ती पुस्तकात घालायला कितीशी जागा लागणार होती?

वंशावळ छापली आहे, पण बाप आणि आई एवढीच नावं वाचून 1600 मीटरचा दम कळत नाही. आईची आधीची पोरं किती अंतराला जिंकली, ते बघावं लागतं. सगळी 1000-1200 ची असतील आणि ही फिली पहिल्यांदाच 1600 ला येत असेल, तर शेवटच्या 200 मीटरला शंका ठेवावी. जॉकी-ट्रेनरच्या टक्केवारीचे रकाने फिलींच्या बाबतीत शोभेचे. चार रेस पळालेल्या जनावराची टक्केवारी कसली काढता?

सगळ्यात मोठा दोष छपाईच्या वेळेचा. छापून झाल्यावर जॉकी बदलतो, एखादी फिली बाहेर पडते, फॉल्स रेल लागते. फॉल्स रेल लागली की आतला कठडा बाहेर सरकतो आणि त्या दिवसाच्या वेळा मागच्या दिवसांशी जुळत नाहीत. जमिनीचा मऊपणा मोजणाऱ्या पेनिट्रोमीटरचा आकडाही सकाळचा लागतो. जमीन मऊ असेल तर पुण्याच्या पावसाळी मोसमात कोण चांगली पळाली होती, ती पानं परत उघडायची. म्हणून सकाळी क्लबच्या संकेतस्थळावरून हे बदल पुस्तकात उतरवून घ्यायचे आणि बाहेर पडलेली फिली लगेच आडवी मारायची. पीडीएफ घेणाऱ्यांचं इथे थोडं सोपं होतं, पण मोबाइलवर दोन ओळी शेजारी ठेवून बघता येत नाहीत आणि सगळा खेळ तर शेजारी ठेवून बघण्याचाच.

शेवटच्या पानांवरच्या, कोण जिंकेल ते सांगणाऱ्या टिपा सोडून द्या. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ म्हटलं, ते कौशल्य ‘बेस्ट बेट’च्या चौकटीत नाही. येवल्याच्या घोडेबाजारात नजर तयार झालेल्यांनाही एक सांगणं: तिथले देवमण आणि खोडी, म्हणजे केसांच्या भोवऱ्यांवरून काढलेले शुभ-अशुभ, इथे चालत नाहीत. पॅडॉकमध्ये बघायचं ते फिली चालताना मागचा पाय पुढच्याच्या खुणेपलीकडे टाकते का, कातडीला चकाकी आहे का, आणि मागच्या मांड्यांत पांढरा फेस आलाय का. फेस आला तर ती रेस तिथेच पळून आली आहे. 1943 ची पहिली इंडियन डर्बी प्रिन्सेस ब्युटिफुल या फिलीनेच कोल्टांना (तरुण नरांना) मागे टाकून मारली होती, त्यामुळे फिली नाजूक म्हणून कमी लेखायच्या नाहीत. पण तापलेली फिली वेगळी.

नाशिकहून प्रत्यक्ष जायचं तर पंचवटी एक्स्प्रेस सोयीची, दादरला उतरून लोकलने महालक्ष्मी. पुस्तक आदल्या रात्रीच हाती असेल तर समासातला हिशोब घरी पुरा करा. कसाऱ्याच्या बोगद्यांत ही अक्षरं वाचवत नाहीत, आणि चष्म्याचा नंबर चाळिशीचा असेल तर इगतपुरीच्या आधीही नाही. बॉलपेनची शाई या कागदावर फुटते, मऊ पेन्सिल घ्या.